दादरा बांधलेली बरणी

पुढच्या आयुष्यात मी बऱ्याच समित्यांवर बसले. शाळेत विज्ञान कसं शिकवावं यावर बोलले, त्याहून जास्त भांडले. हे वेड मला कुठल्यातरी परदेशी पुस्तकातून लागलं, असं माझे सहकारी समजत. ते लागलं ठाण्यात, एका सांगाड्याच्या कपाटापाशी, आणि त्यात विद्येपेक्षा भीतीचा भाग मोठा होता.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी ठाण्याच्या एका शाळेत लागले होते. बिऱ्हाड डोंबिवलीला. आठवडाभर शाळा आणि रविवारी बाळकुमच्या खाडीवर माझं स्वतःचं संशोधन. तिथल्या चिखलात बारके खेकडे असतात. त्यातल्या नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगाएवढी मोठी. ओहोटी लागली की बिळाबिळांतून ते वर येतात आणि ती मोठी नांगी वरखाली हलवत राहतात. भर उन्हात आसपास माणूस नाही, तिवरांच्या मुळांशी नुसता चिखल, आणि तो सगळाच्या सगळा चिखल हात हलवून आपल्याला बोलावतोय. पाऊल टाकलं की सगळं एकदम गडप. मला ती जागा फार प्रिय होती, पण तिथे पाठ वळवून बसायचा धीर मला कधी झाला नाही.

शाळेत विज्ञान म्हणजे फळ्यावरचा बेडूक. मी काढायचा, मुलांनी उतरवायचा. परीक्षेत ज्याचा बेडूक माझ्या बेडकासारखा, तो हुशार. खरा बेडूक शाळेच्या पागोळ्यांखाली बसलेला असे, त्याच्याकडे बघायची कुणाला गरज वाटत नसे. मुलींना तर तेवढंही नव्हतं; त्यांना शिवण आणि स्वयंपाक. मी हेडमास्तरांच्या डोक्याशी कटकट करून करून मुलींचा एक विज्ञानाचा वर्ग मिळवला. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. "एका जरी पालकानं मुलीचं नाव काढलं, तर पुन्हा शिवण. मग माझ्याशी वाद नको."

मी मुलींना बाळकुमला नेलं. परत येताना घमेलंभर चिखल आणि खेकडे आणले. हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला आणि शिपायाला सगळं मागच्या ओढ्यात टाकायला लावलं. त्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी गेलं हे त्यांना बिळात बसून कसं कळतं?" कोर्टातल्या एका कारकुनाची ही मुलगी, माजिवड्याहून चालत यायची, फारशी बोलायची नाही. मी म्हटलं, "दिसतं त्यांना. उजेड दिसतो, पाणी ओसरलेलं कळतं." ती मान हलवून खाली बसली. तिला ते पटलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

भाद्रपदातला पितृपक्ष सुरू झाला आणि अष्टमीला भरदुपारी प्रयोगशाळेत आवाज आला.

प्रयोगशाळा म्हणजे मोठी पडवी. तिच्या टोकाला काचेचं कपाट आणि कपाटात खऱ्या माणसाचा सांगाडा. तो कुठून आला हे कुणालाच माहीत नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि मागून खर्र खर्र असं घासल्यासारखं ऐकू आलं. थांबलं. पुन्हा आलं. मुलींनी वह्या तिथेच टाकल्या आणि दाराकडे धावल्या. मी एवढी शिकलेली बाई. उंदीर आहे म्हणून मी सांगितलं, पण कपाटाजवळ काही गेले नाही.

नवमीला आवाज पुन्हा आला, कालच्यापेक्षा जरा उशिरा. दशमीला आणखी उशिरा. उंदीर असा रोज थोडा थोडा मागे सरकत नाही. ठाण्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पितृपक्ष, खऱ्या माणसाची हाडं, आणि भरदुपारची वेळ. लोकांनी निकाल लावून टाकला, की या बापड्याला कुणी पाणी दिलेलं नाही, म्हणून तो पाणी मागतोय. एका सकाळी मी प्रयोगशाळा उघडली तर कपाटासमोर पत्रावळीवर भात आणि काळे तीळ. कुणी ठेवले ते मी विचारलं नाही. उचलून टाकायला मात्र माझा हात धजेना, तासभर ते तसेच राहिले.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी शिपाई माझ्याकडे आला. तो बाळकुमकडचाच, पन्नाशीचा, एरवी कशाला न भिणारा. "बाई, काल तिन्हीसांजेला कुलूप लावाया गेलो. आतमधी नखं घासत व्हतं कोन तरी. आज म्या एकला नाय जानार तिकडं."

अष्टमीला दुपारी, मग रोज पुढे पुढे, आणि अमावास्येला तिन्हीसांजा. मी त्याच्यासमोर उभ्या उभ्या बोटांवर तिथ्या मोजल्या. तिथीवरून ओहोटीची वेळ इकडे घरोघरी काढतात, मी स्वतः दर रविवारी काढत होते. कपाटातलं ते जे काही होतं, ते खाडीच्या ओहोटीबरोबर चालत होतं. आणि खाडी तिथून चांगली लांब.

मी तडक गेले आणि सांगाड्याखालचा लाकडी कप्पा उघडला. आधी खाडीचा वास आला. मग अंधारात एक लोणच्याची बरणी दिसली, तोंडाला घट्ट दादरा बांधलेला. दादऱ्याचं फडकं म्हणजे जुन्या परकराचा तुकडा होता. तो पाहून मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले.

मधल्या सुट्टीत मी कारकुनाच्या मुलीला बोलावलं; बिळात बसून कसं कळतं, हे विचारणारी तीच होती. तिनं लपवलं नाही. शिपायानं घमेलं ओतलं तेव्हा तिनं ओंजळभर चिखल आणि काही खेकडे उचलले होते. सांगाड्याच्या खालचा कप्पा कुणी उघडणार नाही, हे तिनं बरोबर ताडलं होतं.

"तुम्ही म्हणालात त्यांना दिसतं. म्हणून मी अंधारात ठेवले," ती म्हणाली. "बाई, त्यांना काही दिसत नाही. पाणी येत नाही, जात नाही. तरी ओहोटी लागली की ते उठतात आणि बरणीला नांग्या घासतात."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. भूत परवडलं असतं. सांगाड्याला पाणी हवं असेल, हे निदान समजण्यासारखं होतं. पण काळोखात, चिनीमातीच्या भिंतीआड, त्या जिवांना चंद्राची तिथी कोण सांगत होतं?

"एवढ्यात कुणाला सांगू नका ना," ती म्हणाली. "येत्या अष्टमीला पुन्हा भरदुपारी वाजले, तर ते खरं."

मी हो म्हटलं. आजही हो म्हणेन. दादरा सोडून आम्ही चिखल ओला केला आणि बरणी होती तिथेच ठेवली.

नवरात्रातल्या त्या अष्टमीला शाळा भरल्या भरल्या तिचे वडील आले. काळी टोपी, कपाळाला कुंकू, घरी घट बसलेला, तोंडात उपासाचा कडूपणा. हेडमास्तर त्यांच्यामागे हात चोळत उभे. "अशा जागी मुलगी ठेवायची नाही मला," वडील म्हणाले. "नाव काढा."

मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी पुढे आली. "बाबा, थोडं थांबा. ते भूत नाहीये. आता वाजेल, तेव्हा दाखवते."

आम्ही चौघं त्या पडवीत उभे राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं. सांगाड्याच्या कवटीवर काचेतून कवडसा पडला होता आणि तो हळूहळू जबड्यावर उतरत होता. मला वाटलं, आज नाही वाजणार. मुलगी मात्र डोळे मिटून उभी होती. मग ती हलकेच म्हणाली, "आता."

आणि आतून खर्र खर्र सुरू झालं.

तिनं कप्पा उघडला, बरणी टेबलावर ठेवली, दादरा सोडला. हेडमास्तरांनी वाकून पाहिलं आणि सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास सोडला. "अहो, खेकडे!" वडिलांनीही पाहिलं. पण ते खेकड्यांकडे नव्हे, मुलीकडे बघत होते. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि त्यांचा पांढराफटक पडत चालला होता.

"खेकडे दिसले मला," ते म्हणाले. "पण बंद बरणीत त्यांना वेळ कोण सांगतं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. तेव्हा जगात ते नीट कुणालाच माहीत नव्हतं. खोटं काहीतरी ठोकून देता आलं असतं, हेडमास्तर तर डोळ्यांनी तेच विनवत होते. पण तिच्यासमोर मला ते करवेना.

"आणि हिला कोण सांगतं?"

मी तिथी, भरती, ओहोटी, सगळं समजावू लागले. ते ऐकतच नव्हते. अष्टमीच्या दिवशी, डोळे मिटून, त्यांच्या पोरीनं 'आता' म्हटलं होतं, आणि सांगाड्याखालून उत्तर आलं होतं. त्यांच्या लेखी तिच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. "जिथं शिकवणारीलाच माहीत नाही, तिथं माझी मुलगी काय शिकणार?" ते म्हणाले आणि तिला दंडाला धरून घेऊन गेले.

गंमत अशी, की वर्ग टिकला. भूत गेलं म्हणून हेडमास्तर इतके खूश झाले की आपली अट ते सोयीस्कर विसरले. बाकीच्या मुली शिकल्या, काही पुढेही गेल्या. पुढे मी हट्टानं पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याखाली एक असा प्रश्न घालायला लावला, ज्याचं उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसेल. समितीतले लोक हसायचे. मी त्यांच्यावर खेकसायचे, आणि आपण एवढं का संतापतो ते त्यांना सांगायचे नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी मी माजिवड्याला त्यांच्या घरी गेले. वडील बाहेरच्या खोलीत पंचांग पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी मला 'या' म्हटलं, पण 'बसा' म्हटलं नाही. मी आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडक्या लावलेल्या होत्या. बाहेरची दृष्ट नको म्हणून, आई म्हणाली. मुलगी भाजणीचं धान्य निवडत होती. दंडाला काळा गंडा बांधलेला. शाळेबद्दल मी बरंच बोलले, आईनं प्रत्येक वाक्याला मान डोलावली, मुलीनं वर पाहिलं नाही. आई चहाचं आधण ठेवायला वळली.

मुलीचे हात सुपातच थांबले. तिनं मान वर केली, कान दिल्यासारखी.

"बाई," ती पुटपुटली, "आता उठले असतील ते."

"तिथी पाहिलीस?"

"मला पंचांग बघू देत नाहीत," ती म्हणाली. "नुसतंच कळतं."

चहा न घेता मी निघाले आणि तशीच चालत बाळकुमच्या बांधावर गेले. त्या दिवशी मी स्वतः तिथी काढली नव्हती; वाटेत देवाला म्हणत होते, की पाणी असू दे, तिचं चुकू दे. पाणी नव्हतं. सगळा चिखल नांग्या हलवत होता, आणि मी तिथे उभी राहून रडले.