नळाचं पहिलं पाणी

वृद्धाश्रमात तिला सगळे सॅम्पलवाली म्हणत. दर तीन महिन्यांनी यायचं, नळाचं आणि शॉवरचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. पाइपात कोमट पाणी तुंबून राहिलं की त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते छातीत शिरले तर म्हातारं माणूस न्यूमोनियाने हातचं जायचं. म्हणून पाणी घ्यायचं ते रात्रभर बंद राहिलेल्या नळाचं, अगदी पहिलं. आधी कुणी नळ सोडला की सगळं मुसळ केरात.

तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी नेमका हाच घोळ घालत. सांगून झालं, दारावर सूचना चिकटवून झाली, तरी सॅम्पलवाली पोचावी तर बेसिन ओलंचिंब आणि आजींचा चेहरा एकदम साळसूद. विसरले गं, म्हणायच्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. सॅम्पलवालीचा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण आजी खुर्ची पुढे ओढत, जेवलीस का विचारत, किती वाळलीस म्हणत, आणि त्या रागाचं पुढे काय व्हायचं ते तिलाच कळत नसे. आई लहानपणीच गेलेली, संसार दोन वर्षांत मोडलेला. जेवलीस का, असं तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दोन शब्दांसाठी ती आसुसलेली असे, अगदी खरं सांगायचं तर.

या खेपेला लागोपाठ दोनदा बेसिन ओलं निघालं, तेव्हा मॅनेजरबाईंनी हात वर केले. उद्याही पाणी मिळालं नाही तर त्या खोलीचा नळ बंद करायचा आणि आजींना वरच्या मजल्यावर हलवायचं. आजींच्या गुडघ्यांना जिना म्हणजे शिक्षाच. सॅम्पलवाली तडक त्यांच्या खोलीत गेली.

"आजी, मुद्दाम करता ना?"

आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पहिल्याच दिवशी पाणी मिळालं की तू जातेस," त्या म्हणाल्या. "मग तीन महिने फिरकत नाहीस."

खरं तर चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. पण ती आजींच्या शेजारी बसली. जिन्याची गोष्ट तिने कशीबशी समजावून सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी बेसिन ठणठणीत कोरडं होतं.

निकालाला दहा-बारा दिवस लागतात. इतकी वर्षं प्रत्येक बाटली चांगली निघो, असंच ती म्हणत आली होती. या वेळी मात्र मनात आलं, जरासं खराब निघालं तर पुन्हा जावं लागेल. असलं अभद्र आपल्या मनात यावं, याची तिला फार लाज वाटली.

पाणी स्वच्छ निघालं. तिने आजींना फोन करून सांगितलं.

"छान झालं गं," आजी म्हणाल्या. "म्हणजे आता तीन महिने तुला यायला नको."

"कामासाठी नको," ती म्हणाली. पुढचं बोलणं तिला जड गेलं. "पण मला यायचंय, आजी. येऊ?"