तीन रात्रींचा कर

हॉटेलातल्या छोट्या साबणाचा वास आला की मला अंबरनाथच्या आमच्या चाळीतली नव्वदच्या सुमाराची एक दुपार आठवते. शेजारचे काका कारखान्यातर्फे नव्या मशीनचं काम शिकायला जर्मनीला गेले आणि तिथेच वारले. पाचव्या रात्री हॉटेलात झोपेतच गेले, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. नंतर त्यांची बॅग आली. काकूंनी ती उघडली आणि खोलीभर त्या साबणाचा वास पसरला. कपड्यांखाली हॉटेलचं बिल होतं. "वाच बघू कॉलेजवाल्या," काकूंचे दीर म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हुरूपाने पुढे झालो. खोलीचं भाडं पाच रात्रींचं होतं आणि त्याखाली गावाचा पर्यटक कर तीनच रात्रींचा. "चुकले काय रे हे गोरे लोक?" दिरांनी विचारलं. मी खालची बारीक इंग्रजी ओळ वाचली. "नाही दादा. भाडं बुकिंगचं लागतं. हा कर माणूस हॉटेलात खरोखर जितक्या रात्री झोपला, तेवढ्याच रात्रींचा घेतात." बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. काकू बिलाकडे बघत साध्या आवाजात म्हणाल्या, "मग पुढच्या दोन रात्री कुठे होते हे? दवाखान्यात? एकटेच?" दीर उठून बाहेर गेले. कोणी रडलं नाही. मी बिलाची घडी घालत बसलो. हो, चुकलेच गोरे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त बरोबर उत्तर द्यायचं माहीत होतं.