चारीच्या दाराचं हँडल

ग्रीसचा वास आला की मला आमच्या कालव्याच्या चारीचं दार आठवतं. ते उघडायचं ग्रीस लावलेलं हँडल पाटबंधारे खात्याच्या साहेबांकडून गावच्या पाणी संस्थेकडे आलं, आणि ते ठेवायचं कुणी यावर देवळापुढं भांडण जुंपलं. आमचं वावर चारीच्या अगदी शेवटाला. तिथवर पाणी कधी पोचायचंच नाही, डाळिंबाची बाग वाळायला लागली होती. वरच्या अंगाचे ऊसवाले तात्या म्हणाले, "पाणीपट्टी सगळ्यांत जास्त माजी. हँडल माज्याकडंच." मी घरातली पहिली पदवीधर, उठून म्हणाले, "घ्या की तात्या! पण जत्रंत वाढपी शेवटी जेवतो. तुमीबी पाणी आदी समद्यांना वाढा, मग शेवटी तुमच्या उसाला घ्या." सगळा पार हसला. मागून आई ओरडली, "आन् आमच्या वावरात पाणी आल्याबिगर पट्टी न्हाई!" तात्या मिशी पिळत म्हणाले, "वाढतो गं बाई." मग काय, हँडल तात्यांकडं गेलं, आणि शेवटी आलेली आपली पाळी लांबायला नको म्हणून वाटेतल्या पाणीचोरांच्या नळ्या तात्यांनी स्वतःच उपटल्या. भर दुपारी पाणी आमच्या बांधाला लागलं, पुढं चिखलानं माखलेले तात्या. आईनं न मागता पट्टी तिथंच त्यांच्या हातावर ठेवली. आज संस्थेचा कारभार मी बघते, आणि पट्टीसाठी मला कुणाच्या दारात जावं लागत नाही.