पाणी मागणारा माणूस

माझा थोरला भाऊ खोडाळ्याला असतो. भात झोडून झालं की तो पूर्वी शहरात बांधकामावर जायचा. मी तेव्हा मोखाड्याला नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. एका दुपारी तो शहरातल्या बाजारपेठेत बस थांब्यावर गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी एक माणूस येऊन टेकला. पाणी कुठं मिळेल, असं त्यानं हिंदीत विचारलं. दादानं कोपऱ्यावरचा नळ दाखवला. माणसानं रिकामी बाटली पुढं केली. "भाई, ला दोगे क्या?"

आमच्याकडे कोणी पाणी मागितलं तर माणूस विचार न करता उठतो. दादा तसाच उठला. बाटली भरत आली आणि मागे स्फोट झाला.

थांब्यावर होते त्यांतले बहुतेक गेले. दादाच्या पाठीत काचा घुसल्या आणि त्याचा डावा कान कायमचा गेला. मी इस्पितळात पोहोचले तेव्हा तो एवढंच विचारत होता, "तो पाणीवाला कुठं हाय?"

हाच प्रश्न पुढे तपासवाल्यांनी त्याला विचारला. मृतांचे फोटो दाखवले, पण काहींचे चेहरे ओळखण्यासारखे उरले नव्हते. दादाचं घरचं बोलणं त्यांना पटकन कळेना, म्हणून मी मध्ये बसायचे.

"ज्या बॅगेत बॉम्ब होता, ती त्याचीच होती ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्याच्या पायाशी व्हती."

"म्हणजे त्यानंच आणली."

"आणताना मी नाय बघली."

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं. चित्रकारानं दादाच्या सांगण्यावरून चेहरा काढला. दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "असाच व्हता. पण असा तर आपल्या जीपचा ड्रायव्हर पण हाय."

पुढे काही माणसं पकडली गेली. ओळख परेडला मी दादाबरोबर गेले. मला बाहेर बसवलं. तो बाहेर आला. "यांच्यात तो नाय," म्हणाला. कोर्टातही त्यानं तेच सांगितलं. एका वकिलानं त्याला विचारलं, "एवढ्या वर्षांनी चेहरा आठवतो तुम्हाला?" दादानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही.

परतीच्या एसटीत तो पहिल्यांदा मनातलं बोलला. "बाय, त्यानं मला मुद्दाम उठवलं का गं? का बिचाऱ्याला खरंच तहान लागली व्हती?"

मी म्हणाले, "कसं सांगणार, दादा."

"तहान लागली असंल तर तो पाण्याची वाट बघत मेला. मुद्दाम उठवलं असंल तर मी त्याच्यामुळं जगलो."

त्यानंतर दादा शहरात गेला नाही. मोखाड्याच्या बाजारात आला तर अनोळखी माणसांची तोंडं निरखत उभा राहायचा. लोक त्याला वेडसर समजू लागले. वहिनीनं त्याला बाजारात पाठवणं बंद केलं.

मागच्या आवणीत, भाताची लावणी चालू असताना, खटल्याचा निकाल लागला. पुरावा पुरेसा नाही, म्हणून सगळे निर्दोष सुटले. शाळेत एका सहकाऱ्यानं मोबाइलवर बातमी दाखवली. सरकारी वकिलांच्या कचेरीत फोन केला, तर अपील करायचं का ते वरचे साहेब ठरवतील म्हणाले. दादाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी जीप पकडून खोडाळ्याला गेले.

तो चिखलात वाकून रोपं लावत होता. मी बांधावरून सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी मला ओरडावं लागलं, "दादा, सगळे सुटले." आजूबाजूच्या शेतांतली माणसं थांबून बघू लागली.

दादा सरळ झाला. "बरं झालं. त्यांच्यात तो नव्हताच." मग म्हणाला, "मंग केलं कोणी?"

"ते नाही सांगितलं कोर्टानं."

"कोण सांगंल?"

"आता कोणी नाही सांगणार बहुतेक," मी म्हणाले.

"म्हणजे मला पण आता कोर्टात कोणी बोलवायचा नाय."

मला वाटत होतं, कोर्टाचे खेटे त्याला जड होतात. प्रत्येक तारखेला तो पाणीवाल्याचं काही कळेल या आशेनं जात होता, हे तेव्हा लक्षात आलं. मी साडी खोचली आणि चिखलात उतरले. त्यानं रोपांची एक जुडी माझ्या हातात दिली. ओळ वाकडी जातेय, असं तो मला दोनदा म्हणाला.