अंगणातल्या बोटीचा स्टोव्ह

स्टोव्ह दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. लखनौला अलीगंजमध्ये राहायला आलो तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जायची. घरात एकच पितळी स्टोव्ह, आणि तो बसला की पोरं उपाशी. एकदा अशी चिडले की सगळा स्टोव्ह उलगडून सुपात मांडला. पंप, वॉशर, बर्नर, बारीक बारीक चकत्या, सगळं. मग जसा उलगडला तसाच उलट्या क्रमानं जोडत गेले. पेटला! त्यानंतर गल्लीतल्या बायका पदराखाली स्टोव्ह घेऊन दारात यायला लागल्या. "दीदी, ज़रा देख लीजिए, भभक रहा है." बघायचे. फार काही नसतं हो त्यात. स्टोव्ह खोटं बोलत नाही, कुठे दुखतंय ते आवाजावरून सांगतो.

म्हणूनच काकांनी मला बोलावलं.

काका-काकू म्हणजे नात्यातले नव्हेत, भिंतीपलीकडचे. गल्लीत आमच्याखेरीज मराठी बोलणारं तेवढंच एक घर. काका कोकणातले, समुद्राच्या अगदी काठचे. नोकरी सगळी इकडे नकाशे काढण्यात गेली आणि रिटायर झाले. काकू माझ्यासारख्या विदर्भातल्या. त्यांच्या गावात सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विहीर. आणि या दोघांच्या अंगणात, लखनौसारख्या गावात, जिथून समुद्र कुठल्याच बाजूला नाही, तिथे लाकडी ठोकळ्यांवर एक शिडाची बोट उभी होती. काकांनी ती आठ वर्षं खपून स्वतः बांधली होती. आत दोन माणसांना झोपायला फळ्या, एक कपाट, आणि हातभर लांबीचं स्वयंपाकघर. बेत असा होता की पावसाळ्यात नदी भरली की गोमतीतून निघायचं, गंगेला लागायचं, कलकत्त्यावरून समुद्रात, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट काकांच्या गावी.

गल्लीतले लोक हसायचे. "अंकल, टिकट कितने का है?" काका हसायचे नाहीत.

आता सवय व्हावी म्हणून काका दर रविवारी काकूंना आत बसवून बोट दोरखंडानं हलवायचे. आत पितळी स्टोव्हवर काकूंनी चहा करायचा. एकदा बर्नर पुरता तापला नव्हता आणि काकांनी दोर ओढला. तो तापवायला वाटीत घातलेलं स्पिरिट सांडलं, कच्चं रॉकेल उसळून वर आलं आणि भडका झाला. काकू वाचल्या, पण दोन्ही भुवया गेल्या. त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत. भुवया नसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

काकू म्हणाल्या, "हा स्टोव्ह असेतो मी बोटीत पाय ठेवणार नाही."

काका म्हणाले, "मग स्टोव्ह बदलू. शेजारच्या बाई निवडतील. त्या म्हणतील तो घ्यायचा."

दुसऱ्याच दिवशी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. मी तांदूळ निवडत होते. समोर बसून त्याही निवडायला लागल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, येईल त्या स्टोव्हमध्ये खोट काढ."

"म्हणजे?"

"त्यांना साधा चहा करता येत नाही. चहाशिवाय ते फाटकाबाहेर जात नाहीत, समुद्रात काय जाणार? स्टोव्ह मिळाला नाही की मी गेले नाही, मी गेले नाही की ते गेले नाहीत. मला पोहता येत नाही गं. मी बुडून मरेन."

मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

पहिले दोन-तीन तर मला खोटं न बोलताच नापास करता आले. वातीचा स्टोव्ह काकांनी आणला. तो जरा कलला की रॉकेल वातींवर चढतं, काजळी धरतो, आणि कोंडलेल्या जागेत डोकं गरगरायला लागतं. मग कुणाच्या ओळखीनं लहान गॅसचा सिलिंडर मिळत होता. मी म्हटलं, "काका, गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर उंबऱ्यावरून बाहेर तरी जाईल. बोटीला उंबरा कुठाय? बादलीत पाणी साठावं तसा तळाला साठून राहील. तुम्ही वर निवांत बसलेले असाल, नाकाला वासही यायचा नाही, आणि कुणीतरी काडी ओढेल." काकांनी तो विचार तिथंच सोडला.

तिसरा स्पिरिटचा. फार देखणा, स्टीलचा. दुपारच्या उन्हात बोटीच्या उघड्या दारापाशी ठेवून आम्ही तो पेटवला आणि तिघंही बघत राहिलो, तर ज्योत दिसेचना. भांड्याखाली नुसतं ऊन. काका म्हणाले, "विझला वाटतं," आणि काकूंनी हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं, तरी बोटांचे शेंडे भाजलेच. "काही नव्हतं तिथे," काकू सारखं म्हणत होत्या. "काही नव्हतं गं." मलाही दिसलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी कुठल्याही रिकाम्या चुलीवर हात नेला की आधी थबकते.

मग काका मला घेऊन अमीनाबादला गेले. भांड्यांच्या गल्लीत एक म्हातारे कारीगर बसायचे. काकांनी कागद उलगडून चित्र दाखवलं. दाबाचाच पितळी स्टोव्ह, पण लोखंडी चौकटीत दोन खुंट्यांवर टांगलेला, कानात डूल लोंबावा तसा. टाकीचं वजन खाली, त्यामुळे चौकट कितीही कलली तरी स्टोव्ह आपला उभाच राहणार. वर भांडं धरून ठेवायला पट्ट्या.

"बहुत ख़ूब," म्हातारे म्हणाले. "लेकिन जनाब, ये झूला किसलिए?"

"नाव के लिए."

"अच्छा. और दरिया?"

"दरिया तक जाना है."

म्हाताऱ्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बहनजी, आप भी जा रही हैं?" मी म्हटलं, नाही नाही, मी फक्त स्टोव्ह बघायला आलेय. "तब ठीक है," म्हणाले, आणि कागद ठेवून घेतला.

दहा-बारा दिवसांनी स्टोव्ह आला. डिसेंबर संपत आला होता. लखनौचा कोहरा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी दहा वाजता सुद्धा अंगणातली जमीन दिसत नव्हती, ठोकळे दिसत नव्हते, भिंत नव्हती. पांढऱ्यात बोट तेवढी उभी. शिडी धुक्यातून वर जात होती, पण कुठून निघाली ते दिसत नव्हतं.

काकूंबरोबर आत जाऊन मी काकडा लावला, बर्नर तापू दिला, पंप मारला. असा निळा, असा एकसारखा पेटला की काय सांगू! आवाज भरीव. काकांनी बाहेरून दोर ओढला, बोट कलली, आम्ही दोघी फळीवर घसरलो, आणि स्टोव्ह जागचा हलला नाही. वरच्या पातेल्यातल्या दुधावर साय होती, तिला सुरकुती सुद्धा पडली नाही.

काका दारातून आत डोकावले. "बोला बाई. पास की नापास?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मला सांगता आलं असतं की वॉशर हलका आहे, सांधा कच्चा आहे. त्यांना काय कळणार होतं? पण इतका चांगला स्टोव्ह मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या तोंडावर त्याला वाईट म्हणणं मला जमलं नाही.

"खोट नाही," मी म्हटलं.

काकूंनी दुधाचं पातेलं उतरवून स्टोव्ह बंद केला. चेहऱ्यावर तर काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या अंथरूण, पिठाचा डबा आणि पाटा घेऊन शिडी चढल्या. "जायचंच आहे तर सवय करते," म्हणाल्या. रात्री उतरल्या नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाहीत. न्हाण्याधुण्यापुरत्या खाली यायच्या, तेही घाईनं, कुणीतरी थांबलंय अशा. काकांचं ताट दोरीनं खाली सोडायच्या. भिंतीपलीकडून दिवसभर स्टोव्हचा आवाज. माझी धाकटी विचारायची, "मम्मी, आंटी नीचे क्यों नहीं आतीं?" मी म्हणायचे, तू अभ्यास कर.

तीन आठवडे असे गेले आणि काका माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, मफलर उलटासुलटा. बसले सुद्धा नाहीत.

"बाई, त्या स्टोव्हमध्ये खोट काढा."

"आता? कशाला?" मी म्हटलं.

"काहीही काढा. फुटेल म्हणा. ती उतरत नाहीये. मी हाक मारली तर म्हणते, आता मध्येच कसं उतरू, चहूकडे पाणी आहे."

मी गेले. तेव्हा खोटं बोलायचं होतं ते बोलले नव्हते, निदान आता तरी बोलावं, असं ठरवूनच गेले. धुकं तसंच होतं. वर काकू चहाच करत होत्या. मला बघून एवढ्या हरखल्या, जणू मी किती लांबून आले. "ये ये, जपून. धरून बस."

बसले. स्टोव्ह चौकटीत झुलत होता. सावकाश, इकडे, मग तिकडे. मी दारातून बाहेर पाहिलं. काका व्हरांड्यात, हात खिशात. दोर कुणी ओढत नव्हतं. वारा नव्हता. मी चौकटीला हात लावून तो थांबवला, हात काढला. पुन्हा सुरू झाला, त्याच लयीत.

"काकू, हा हलतोय कशानं?"

"तो कुठं हलतोय?" काकू म्हणाल्या. "तो जागेवरच आहे. आपण हलतोय."

त्यांनी असं म्हटलं आणि मला खरंच तसं दिसायला लागलं. म्हणजे स्टोव्ह स्थिर, आणि फळ्या, कपाट, काकू, मी, सगळं त्याच्याभोवती वर-खाली होतंय. पुन्हा आधीसारखं बघायचा मी प्रयत्न केला, पण जमेना. मी फळीची कड धरून बसले. काकू मात्र त्या हेलकाव्याबरोबर कमरेतून अशा सहज झुकत होत्या, हातातल्या कपातला थेंब सांडत नव्हता.

मी घाईनं म्हटलं, "काकू, याचा वॉशर गेलाय. आवाज बदललाय. फुटेल. खाली चला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं तेव्हा नाही बोललीस."

"चुकलं माझं."

"चुकलं काही नाही. चांगला आहे स्टोव्ह." मग जरा थांबून, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाल्या, "पण पुढं कधीतरी वॉशर जाईलच की. तेव्हा तू कुठं असशील? मला शिकव."

काय करणार? शिकवलं. हवा सोडायची, थंड होऊ द्यायचा, पंप काढायचा, चामड्याच्या वॉशरला गोडं तेल लावून तो बोटांनी फुलवायचा, बर्नरचं भोक मोकळं करायला पिन कशी घालायची. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटून सगळं जोडलं. "अंधारात करावं लागलं तर," म्हणाल्या. मरायची भीती वाटणारी बाई नव्हती ती आता. बुडेन असा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही.

मी निघाले. शिडी पाठमोरी उतरत होते. शेवटच्या पायरीवर आले आणि थांबले. खाली पांढरं धुकं, जमीन दिसत नव्हती. इतकी वर्षं पाहिलेलं अंगण ते, फरशीला चीर कुठं आहे ते मला ठाऊक. पण मी एकदम पाय टेकला नाही. चप्पल काढून हातात घेतली, आणि आधी अंगठा खाली सोडून बघितला.

होळीनंतर ऊन तापलं आणि एक दिवस काकू आपल्या आपण उतरल्या. सरळ माझ्याकडे आल्या. पाय फाकून, जमीन तोलत चालत होत्या. ओसरीत उभ्या राहून माझ्या पोरांकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, किती उंच झाली गं ही!" धाकटीनं परवाच त्यांना मेथीची जुडी नेऊन दिली होती. तीही आता खुळ्यासारखी विचारते, "आंटी, पानी में डर नहीं लगा?"

"पहिले आठ दिवस लागली," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातून पाणी घेऊन घटाघटा प्यायल्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, नदी भरली. काका निघाले नाहीत. नकाशे गुंडाळून ठेवले. मला वाटलं, सुटली बाई, हेच तर हवं होतं तिला. पण एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येताना काकांनी मला त्यांच्या फाटकात गाठलं. घराकडे एकदा वळून पाहिलं, आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, ही कुठवर जाऊन आली, तुम्हाला काही बोलली का?"

"मला? नाही हो. तुम्हीच विचारा की."

"विचारतो रोज. म्हणते, तुम्ही यायला पाहिजे होतं."

"मग वर गेला का नाहीत तेव्हा?"

कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलेला तो माणूस खाली मान घालून फाटकाची कडी उघडझाप करत राहिला. "गेलो होतो," म्हणाले. "तीनदा गेलो. पाच मिनिटं नाही बसवलं. उलट्या झाल्या हो. अंगणात, ठोकळ्यांवर, मला बोट लागली."

आतून काकूंनी चहाला हाक मारली. "आलो," म्हणून काका गेले.