पाठीवर पंप असलेला राक्षस

मी राग विसरणाऱ्यातली नाही. कुणी दहा वर्षांपूर्वी तोंड वाकडं केलेलं माझ्या लक्षात असतं, मग ती दुपार कशी विसरेन?

गंगापूर रोडला तेव्हा बंगले यायचे होते आणि आमचा फुलांचा मळा होता. नव्वदीतली गोष्ट, मी सहावीत असेन. दसरा आठ दिवसांवर आलेला आणि काढणीला आलेल्या झेंडूनं दोन दिवसांत माना टाकल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या थोरल्या काकांनी बांधावर गवत मारायचं औषध फवारलं होतं आणि तोच पंप न धुता झेंडूवर चालवला होता. पण काका घरातले कर्ते. त्यांनी ओट्यावर बसून तंबाखू मळत जाहीर केलं, की धाकटीला बाहेरचं धरलंय, फुलं तिनं खाल्ली. धाकटी म्हणजे माझी आई. वडील शेजारी बसून जमिनीकडे बघत राहिले. त्यांनाही मी माफ केलेलं नाही.

पेठकडून भगत आणला. भर दुपारी अंगणात आईला बसवलं, केस मोकळे सोडले, मिरच्यांची धुरी दिली. भगत दमला की कडुनिंबाची फांदी काका हातात घेत. एरवी भावजयीची सावली अंगावर पडू न देणारा हा माणूस! अशा वेळी अंगातल्या भुताला नाव सांगायला लावतात. नाव सांगितलं की ते निघून जातं, तोवर मार.

"कोण हाय तू? सांग नाव!" काका ओरडत होते.

आमच्यात धाकटी सून नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडत नाही, त्याचं नाव तर जन्मात घेत नाही. आई बराच वेळ मार खात राहिली. शेवटी तिनं विहिरीत जीव दिलेल्या कुणा बाईचं नाव घेतलं, तेव्हा ते थांबले. त्यानंतर तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. फुलांना हात लावू दिला नाही. माझ्या आईला दहा-बारा वर्षं त्या घरानं चेटकिणीसारखं वागवलं, आणि मी मनात एकच धरून बसले: चारचौघांत कळलं पाहिजे की राक्षस कोण होता.

पुढे नोकरीला लागल्यावर मी दुपारच्या सुट्टीत कादंबरी लिहायला घेतली. एक शिकारी येवल्यापासून कळवणपर्यंत राक्षस हुडकत फिरतो, अशी. राक्षसाच्या पाठीला कुबड होतं, त्यातून तो वाफ सोडायचा आणि उभी शेतं वाळायची. तंबाखू मळायची त्याची लकबही घातली. एकदा मारून माझं समाधान होईना, म्हणून त्याला तीनदा मारला. शेवटी शिकारी त्याला अंगणात गाठतो, "सांग नाव!" म्हणतो, राक्षस नाव सांगतो आणि मरतो. ते नाव लिहायला मात्र माझा हात धजला नाही. तिथे मी टिंबं दिली.

पुस्तक निघालं, वाचनालयात ठेवलं गेलं आणि काकांनीही ते आणून वाचलं. मी वाटच बघत होते. आता तोंड काळं करतील, आता आजारी पडतील. कसलं काय! काका फुलबाजारात छाती पुढे काढून सांगत सुटले, "पुतणीनं माझ्यावर पुस्तक लिवलंय. त्यो राक्षस मारनारा, त्यो म्याच की!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तणतणत घरी आले तर आई पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. दोन महिने बोट ठेवून ठेवून तिनं ते वाचलं होतं.

"राक्षस कोण ते मला लगेच कळलं," ती म्हणाली. "पण मारायला कडुनिंबाची फांदीच दिलीस व्हय? अंगनबी तेच, शब्दबी तेच. मग त्यांना वाटनारच की आपन शिकारी."

खरं होतं. राक्षसाची शिकार मी जन्मात एकदाच पाहिली होती, तीच उतरवून काढली होती. त्या रात्री मला रडू आलं, ते रागानंच.

वर्षभरात मळा विकला गेला आणि चुलतभावाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली. दुपारची पंगत बसलेली. आई डोक्यावर पदर घेऊन जिलबी वाढत होती. कामापुरती ती सगळ्यांना चालायची. काका पाहुण्यांना पुस्तक दाखवत होते. मग मला हाक मारून हसत म्हणाले, "समदं झ्याक लिवलं, पन राक्षसाचं नाव काय ते सांगितलंच नाय. सांग की! सांग नाव!"

एवढी वर्षं दातओठ खाल्ले, आणि ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटली.

आई काकांच्या पानासमोरच उभी होती. तिनं पदर नीट केला आणि काकांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मास्तर हजेरी घेतात तसं, मोठ्यानं.

पंगत थांबली. पाहुण्यांना वाटलं, बाई चुकून बोलली. मग ती म्हणाली, "पंप धुतला नव्हता तुमी."

काकांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी या खेपेला मान वर केली, आणि हळूच म्हणाले, "नव्हता धुतला, दादा." काका उठले, चपला उलट्यासुलट्या घालून फाटकाबाहेर गेले. त्यांना कुणी थांब म्हटलं नाही.

आईनं त्यांचं पान ओलांडून पुढच्याला वाढलं. मी त्या दिवशी सात जिलब्या खाल्ल्या.