सोजर आत्यांची करंगळी

त्या दुपारी मी नववीच्या वर्गात फळ्यावर डोळ्याची आकृती काढत होते. टेबलावरचा फोन दोनदा थरथरला, तिसऱ्यांदा घेतला. सास्तूरहून बापू बोलत होता, माझा आतेदीर. “वैनी, आई गेली,” तो म्हणाला. मग जरा थांबून, जणू धीर मलाच द्यायचा आहे अशा आवाजात म्हणाला, “पण लई मजेत गेली बघा…” सोजर आत्या चहा प्यायल्या, नुकत्याच व्यालेल्या मेंढीला हिरवा पाला टाक म्हणून सुनेला, सुनंदाला, हाक मारली आणि भिंतीला टेकून बसल्या. सुनंदा पाला टाकून माघारी आली, तोवर सगळं संपलं होतं. चेहऱ्यावर कुठं कळ नाही, कपाळाला आठी नाही. मी खडू ठेवला. मुलींना वाटलं मॅडम रडणार. पण मला आधी हसू आलं आणि मग रडू. सोजर आत्या कळ न येता गेल्या, ही गोष्ट किती मोठी आहे हे त्या वर्गात एकट्या मलाच माहीत होतं.

सोजरबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. जन्म मेंढरांच्या मागे गेला. त्र्याण्णवच्या भूकंपात घराची दगडी भिंत त्यांच्या डाव्या पायावर आली. माणसांनी हातानं दगड उपसून त्यांना बाहेर काढलं खरं, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढं गाव नव्यानं वसलं, सरळ रस्ते झाले, आत्यांना नकली पाय मिळाला. काठी टेकत त्या पुन्हा मेंढरांमागे जायला लागल्या. मी लग्न होऊन धाराशिवला आले तेव्हा त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, की लग्नघरात सगळ्या बायका पंगतीला बसलेल्या आणि आत्या मागच्या दारी, नकली पाय काढून ठेवून, उरलेल्या खुंटावर मुठीनं धडाधड मारतायत. मी घाबरून विचारलं, “काय झालं आत्या?”

“बोटं दुखत्यात गं.”

“कुठली बोटं?”

“डाव्या पायाची.”

मी विज्ञानाची शिक्षिका. मनात म्हटलं, जो पाय नाहीच त्याची बोटं कशी दुखतील? घरातल्या बऱ्याच जणांना तसंच वाटायचं. कुणी म्हणायचं, म्हातारीला लक्ष वेधून घ्यायची सवय आहे. कुणी अंगाऱ्याच्या पुड्या आणून द्यायचं. मी तोंडानं काही बोलले नाही, पण माझ्याही मनात “नाटक” हाच शब्द होता. आज हे लिहिताना तो शब्द पुसून टाकावासा वाटतो. पण होता तो होता.

सात-आठ वर्षांपूर्वी ते दुखणं इतकं वाढलं, की आत्यांचं जेवण सुटलं. गोळ्या घेतल्या की दिवसभर गुंगी, नाही घेतल्या की पायाच्या जागी जाळ. खुंटाचा अजून थोडा भाग कापला तर कदाचित फरक पडेल, असं एका ठिकाणी सांगितलं आणि आत्या त्यालाही तयार झाल्या. त्या खर्चासाठी बापूनं कळप विकायचं ठरवलं. त्या दिवसांत एकदा मी भेटायला गेले, तर आत्या माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “त्या दगडाखालीच राहिले असते तर बरं झालं असतं बघ.” एरवी सगळ्या गल्लीला हसवणारी ही बाई. मी त्यांना तसंच उठवलं आणि धाराशिवला आमच्या घरी घेऊन आले.

इथल्या डॉक्टरांनी खुंट नीट तपासला. कापण्याची गरज नाही म्हणाले. नकली पायाचा घासणारा भाग बदलायला सांगितला, गोळ्यांचं प्रमाण बांधून दिलं. मग त्यांनी मला समजावलं. पाय गेला, तरी मेंदूतली पायाची जागा जात नाही. ती तिथून हाका मारत राहते. दुखणं खरंच असतं, अगदी तुमच्या-माझ्या दुखण्याइतकं खरं. मी मान खाली घातली. त्यांनी एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमकडे चिठ्ठी दिली. वैशाली मॅडम वेदनेवर संमोहनानं काम करायच्या.

‘संमोहन’ ऐकल्यावर आत्यांनी पिशवी भरायला घेतली. लहानपणी जत्रेत त्यांनी एक खेळ पाहिला होता. जादूगारानं एका चांगल्या बाप्याला झोपवून कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला होता. “मला न्हाय कांदा खायाचा,” आत्या म्हणाल्या. “आन् झोपेत तोंडातनं भलतंच गेलं म्हंजे? माझ्या पोटात साऱ्या गावाच्या भानगडी हायत!” शेवटी मी सोबत बसायचं, या अटीवर त्या आल्या. मॅडमनी न हसता सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “आत्या, तुम्ही झोपणार नाही. माझं बोलणं ऐकू येईल, मनात येईल तेव्हा डोळे उघडता येतील. मी फक्त वाट दाखवणार, चालायचं तुम्हीच.”

डोळे मिटून झाले, श्वास संथ झाला. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही समुद्राच्या काठावर आहात… लाटा येतायत…” आत्यांनी एक डोळा उघडला. “मॅडम, समुद्र म्या बघितला न्हाय. लाटा म्हनलं की बुडायचं भ्या वाटतंय.” तिघीही हसलो. मग मॅडमनी वही मिटली आणि विचारलं, “तुमचा डावा पाय सगळ्यात सुखात कुठं होता, आत्या?”

आत्यांनी उघडलेला डोळा पुन्हा मिटून घेतला. मग म्हणाल्या, “रामलिंगला.” पोरवयात वडिलांबरोबर येडशीच्या बाजूनं मेंढरं घेऊन जाताना, तिथल्या देवळाजवळच्या ओढ्यात दोन्ही पाय सोडून त्या बसायच्या. पाणी गार, पायाखाली गुळगुळीत गोटे. त्या दिवसापासून मॅडमनी त्यांना मनानं दर वेळी त्याच ओढ्यावर नेलं. आत्यांचं म्हणणं असं, की दगड पडला तेव्हा डाव्या पायाची बोटं भीतीनं मुठीसारखी आवळली, ती आजतागायत तशीच आहेत. मॅडम सांगायच्या, पाणी वाहतंय, आता अंगठा सैल सोडा… आता त्याच्या शेजारचं बोट… एकदा मधेच आत्या खुदकन हसल्या. मॅडमनी विचारलं, काय झालं? डोळे मिटूनच आत्या म्हणाल्या, “माकड आलं की! भाकर नेली माझी!”

मॅडम दर वेळी विचारायच्या, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? आकडे आत्यांना पटेनात. त्या सांगायच्या, “आज मेंढीएवढं हाय.” वाईट दिवस असला की “मेंढा, तो पन शिंगं रोखलेला.” बरं असलं की “कोकरू.” मॅडमनी कागदावर तसंच लिहायला सुरुवात केली. पुढं कुणी ती फाइल उघडली, तर जनावरांच्या दवाखान्यातली वाटावी.

महिनाभर घरी सकाळ-संध्याकाळ सराव चालला. चार बोटं हळूहळू सुटली. करंगळी काही ऐकेना. आत्या तिला कळपातून फुटणाऱ्या मेंढीला घालाव्यात तशा शिव्या घालायच्या, मग लाडीगोडी लावायच्या. मॅडम म्हणाल्या, “तिच्या मागं लागू नका, तिला सवड द्या.” आणि एका सकाळी आम्ही पोहे खात असताना आतल्या खोलीतून आरोळी आली, “सुटली! सुटली!” माझे यजमान ताटली टाकून धावले. त्यांना वाटलं शेजाऱ्यांची म्हैस सुटली. “कोण सुटली?” त्यांनी ओरडून विचारलं. आत्या खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. “करंगळी, बाबा… करंगळी!” जिथं पाय नव्हता त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून त्या सांगत होत्या, आणि आम्ही दोघंही वाकून बघत होतो.

दुखणं अजिबात गेलं असं नाही. थंडीत, दगदगीत यायचं. पण गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी झाल्या, कळप विकायचा राहिला, आत्या सास्तूरला परतल्या. आणि मग भलतंच सुरू झालं. दुखणं शांत करणारी बाई म्हणून लोक नारळ घेऊन दारी यायला लागले. आत्या भडकल्या. “म्या काय देवरुषी हाय व्हय? माझंच दुखनं अजून माझ्या घरात राहतंय, फकस्त आता वरडत न्हाय!” नारळ परत जायचे, पण माणूस परत जात नसे. त्याला चहा मिळायचा, बरोबर बसून संथ श्वास घ्यायला मिळायचा आणि बहुतेक वेळा डॉक्टरकडे जा म्हणून दटावणीही.

ग्रामपंचायतीतले शिपाई अंकुशराव असेच एका सकाळी आले. “आत्या, छातीत भरून आलंय, डाव्या हातात कळ निघतीया. तुमची ती पान्यात पाय सोडायची युक्ती सांगा की.” आत्यांनी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला. “अंकुशा, हे दुखनं निजवायचं न्हाय. हे कायतरी सांगाया आलंय. ऊठ!” बापूनं मोटारसायकल काढली, मध्ये अंकुशराव आणि त्यांना मागून कवेत धरून आत्या. वाटेत खड्ड्यात आदळून आत्यांचा नकली पाय निसटून पडला. त्यांनी बापूला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो थांबला असता. दवाखान्याच्या दारात नर्स ओरडली, “अगं बाई, आजींचा पाय!” आत्या म्हणाल्या, “तो कवाच गेलाय माय, आधी ह्याला बघ.” अंकुशरावांवर वेळेत उपचार झाले. पाय दुपारी एका दूधवाल्यानं आणून दिला. आता आत्या गेल्यावर त्यांना माती द्यायला नेलं, तेव्हा पुढच्या खांद्याला अंकुशराव होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा सास्तूरला गेले. सुनंदा आणि मी आत्यांच्या वस्तू आवरत होतो. जेवून मी निघणार, तेवढ्यात तामलवाडीहून एक बाई आली. दोन एसट्या बदलून आलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात एक्स-रेची पिशवी. तिला काही माहीत नव्हतं. “दुखण्याचं शिकवनाऱ्या आजी हितंच राहत्यात ना?” सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईला सगळं खरं सांगितलं. बाई मटकन पायरीवर बसली. “लई लांबून आले हो…” एवढंच म्हणाली.

सुनंदानं तिला पाणी दिलं. पिशवीतले कागद मला वाचायला लावले. तुळजापुरात इलाज चालू आहे, घाबरण्यासारखं काही नाही, याची खात्री करून घेतली. मग ती आत गेली आणि आत्यांची काळी घोंगडी घेऊन आली. ओट्यावर अंथरली. स्वतः समोर मांडी घालून बसली. “मला आत्याबाईंवानी जमत न्हाय,” ती म्हणाली, “पर त्यांच्या शेजारी लई बसलीया म्या. मिटा डोळं.” दोनदा ती मधेच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पायात घातलेली चप्पल मी काढून ठेवली आणि घोंगडीच्या कडेला टेकले. मेंढरांच्या वाड्यातून आवाज येत होता. थोड्या वेळानं तामलवाडीच्या त्या बाईचे कानापर्यंत चढलेले खांदे सावकाश खाली आले, आणि तिच्याही नकळत तिचा कमरेवरचा हात मांडीवर येऊन निवांत पडला.